दाट झाडीतल्या सांबरासाठी मीडियम बोर वाइल्डकॅट: ३३८-०६ इम्प्रूव्हड की ३५ व्हेलन?

शास्त्रीखाडी

नमस्कार मंडळी. मी मूळचा गुहागरकडचा, जहाजावर इंजिनीअर होतो, आता १४ वर्षं ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात स्थायिक आहे. गणपतीपर्यंत गावी आहे आणि पावसानं घरात अडकलोय, त्यामुळे बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते निवांत लिहितो.

आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं ठाम मत आहे. तिकडची गोष्ट निराळी. सांबर तिथलं नाहीच मुळी, १८६० च्या दशकात गोऱ्यांनी आपल्या बाजूनं, सिलोनकडून नेऊन सोडलं आणि आता तिथल्या डोंगरात ते इतकं माजलंय की शिकारीचा परवाना काढून वर्षभर मारता येतं. म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं जनावर मी परमुलखात जाऊन मारतो, याचं सुरुवातीला मनाला लागायचं. असो.

आता कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, डार्गोच्या वरच्या अंगाला एक मोठा नर साधारण ६० मीटरवर नेच्यांच्या झाडीत उभा मिळाला. माझ्याकडे २७० विंचेस्टर रायफल, १३० ग्रेनची (साधारण ८.४ ग्रॅम) गोळी. तिथल्या कायद्यात सांबरासाठी कमीत कमी २७० बोर (नळीचं माप, इंचाच्या हजाराव्या भागात) आणि १३० ग्रेन लागते, म्हणजे मी अगदी काठावर होतो. बार खांद्यावर लागला, जनावर धडपडलं आणि एकदाच ‘पोंक’ करून ओरडून खाली घळीत गेलं. गोळी हाडावर फुटली असणार, पलीकडून बाहेर आलीच नाही, त्यामुळे रक्ताचा थेंब नाही, वरून पाऊस. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवलं, चारशे मीटरवर काटेरी बेरीच्या जाळीत पडलेलं, मांस पूर्ण वाया गेलेलं. त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हाच ठरवलं की पुढची रायफल अशी हवी जी हाड फोडून आरपार जाईल आणि मागे माग सोडेल.

माझ्याकडे एक जुनी मौझर ९८ ची अ‍ॅक्शन आहे, म्हणजे नळीमागची बोल्ट आणि पेटीची यंत्रणा, अगदी गुळगुळीत चालणारी. तिच्यावर नवीन नळी बसवायची आहे. मनात ३३८-०६ अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाइल्डकॅट म्हणजे असं काडतूस जे कुठलीच कंपनी करत नाही, आपणच दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळीचा (पितळी नळकांड्याचा) गळा रुंद किंवा अरुंद करून बनवायचं आणि त्या मापाचा रीमर, म्हणजे कातायचं हत्यार, करवून नळीत चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, काढून घ्यायचा. माझ्या बाबतीत ३०-०६ ची, म्हणजे ३०८ मापाच्या गोळीच्या काडतुसाची, पुंगळी घ्यायची, गळा ३३८ पर्यंत रुंद करायचा, खांदा (अंग आणि गळ्यामधला उतार) ४० अंशाचा करायचा, झालं.

दुसरा पर्याय साधा ३५ व्हेलन, तीच ३०-०६ ची पुंगळी, गळा ३५८ च्या गोळीसाठी रुंद केलेला. बोला.

आंबेवाला_देवगड

दादा, मला तुमच्या त्या अंशांतलं काही कळत नाही पण एक सांगतो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बारा बोर आहे, वडिलांच्या नावावरची माझ्या नावावर करून घेतली. रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळाली तेव्हा गावातल्या जुन्या माणसाबरोबर बसलो होतो. त्यांचं एकच म्हणणं, बार कुठे लागला ते आधी बघ, कुठल्या बंदुकीचा लागला ते नंतर. जनावर पुढच्या पायाच्या मागे लागलं तर बसतं, पोटात लागलं तर तोफेनं मारलंस तरी जातं. तुमची गोळी फुटली म्हणताय तर मग गोळी बदला की, नळी कशाला बदलताय?

शास्त्रीखाडी

अगदी बरोबर मुद्दा. तसं केलं असतं तर २७० मध्येही फरक पडला असता हे मी मान्य करतो. जॉन नोस्लरनं १९४० च्या दशकात पार्टिशन गोळी काढली ती त्याच कारणासाठी, त्याची गोळी एका मूसच्या (थंड मुलखातलं मोठं हरीण) खांद्यावर फुटून गेली म्हणून. मधे तांब्याची भिंत, पुढचा भाग पसरतो आणि मागचा अख्खा राहून आत घुसत जातो. पण घळीच्या झाडीत जिथे जनावर १०० मीटरच्या आतच दिसतं तिथे मला जड, रुंद आणि सावकाश गोळी हवी. भोक मोठं तर माग मोठा. लांबच्या बाराची मला गरजच नाही.

कर्लीखाडी

मी मालवणची, गेली ११ वर्षं स्वीडनमध्ये. नवऱ्याच्या गावच्या मूस शिकारीच्या टोळीत मी पण जाते, रीतसर परीक्षा देऊन. माझं म्हणणं ऐकाल तर वाइल्डकॅटच्या नादी लागूच नका, ९.३ बाय ६२ घ्या. ओटो बॉक नावाच्या बर्लिनच्या बंदूकवाल्यानं १९०५ मध्ये काढलं आणि तेही मुद्दाम मौझर ९८ मध्ये बसावं म्हणून. तुमच्याकडे अ‍ॅक्शन कुठली? तीच. २८६ ग्रेनची गोळी, सेकंदाला २३६० फुटांच्या आसपास. आमच्याकडे अर्ध्या टोळीकडे हेच आहे. इथे मूससाठी नियम आहे की गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा हवी, हे काडतूस त्याच्या कितीतरी वर जातं. आणि मांस खराब करत नाही, भोकाच्या कडेपर्यंतचं खाता येतं असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात आणि मी स्वतः सोलताना बघितलंय, खरं आहे.

माका विचारशात तर, जां दुकानात मेळता तां घेवा. बर्फात, पावसात, काडतुसां संपली तर खंय जातलास?

शास्त्रीखाडी

ताई, ९.३ वर माझा आक्षेप काहीच नाही, उलट मनातनं तेच दुसरं होतं. पण आमच्या भागातल्या दुकानांत ते कधी असतं कधी नसतं, ३०-०६ च्या पुंगळ्या मात्र कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात. वाइल्डकॅट करायचं कारणच ते, मूळ पुंगळी कायम हाताशी.

लोटे_लेथ

मी लोटे एमआयडीसीत टूलरूममध्ये २२ वर्षं आहे, बंदूक कधी हातात धरली नाही पण माप कळतं. दादांनी मला ड्रॉइंगं पाठवली होती, दोन रात्री बसून बघितली. लांब लिहितोय, वाचा.

पहिली गोष्ट खांदा. ह्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे ती चेंबरमध्ये कुठे थांबायची तर खांद्यावर. पुंगळीचं अंग खांद्यापाशी ४४१ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ३०-०६ चा गळा ३४० थाऊ, म्हणजे दोन्ही अंगाला ५० थाऊचा खांदा मिळतो. ३३८-०६ ला तोच ३६ पर्यंत येतो. ३५ व्हेलनला गळा ३८८, म्हणजे खांदा राहिला जेमतेम २६ थाऊ, तोही साडेसतरा अंशाच्या उतारावर. म्हणजे जितका बोर मोठा करत जाल तितकी पुंगळीला पाय रोवायला जागा कमी.

हे आकड्यात कळत नाही म्हणून मी एक केलं. सावंतवाडीला माझ्या ओळखीचे लाकडी खेळणी कातणारे आहेत, त्यांच्याकडून तिन्ही पुंगळ्या ५ पट मोठ्या करून लाकडात कातून आणल्या. लाख न लावता, नुसतं लाकूड. साधारण एक फुटाची एक. डोळे मिटून खांद्यावरून अंगठा फिरवला तर ३०-०६ ला अंगठा अडतो, ३३८ ला अडतो पण सरकतो, आणि व्हेलनला नुसता उतार लागतो, सवा तीन मिलिमीटरचा. आमच्या मुलीनं तिन्ही हातात घेऊन सांगितलं की ही तिसरी निसटेल. तिला काहीच माहीत नव्हतं.

निवृत्त_सुभेदार

लोटेवाल्यांनी छान समजावलं. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो, भरती झालो तेव्हा हातात ३०३ होती. ३०३ च्या पुंगळीला बुडाला कड असते, ती नळीच्या मागच्या तोंडाशी अडते, खांदा कसाही असो, काडतूस जागेवर राहतं. बिनकडेच्या काडतुसाला ती सोय नाही. खांदा नीट टेकला नाही तर पिन आपटली की काडतूस आधी पुढे ढकललं जातं, मग दाबानं मागे येतं, आणि पुंगळी बुडाच्या वर ताणली जाते. दोनचार वेळा असं झालं की एक दिवस तिथेच तुटते आणि गरम वायू तोंडाकडे. म्हणून हेडस्पेसचं, म्हणजे बोल्ट आणि चेंबरच्या खांद्यामधलं अंतर तपासायचं, गेज लावल्याशिवाय नवीन नळी उडवायची नाही. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. ह्यात तडजोड नाही.

शास्त्रीखाडी

म्हणूनच इम्प्रूव्हड म्हणत होतो ना. ४० अंशाचा खांदा केला की पुंगळी पक्की टेकते. ज्या बंदूकवाल्याचं हे नाव, त्या अ‍ॅक्लीनं तेच तर केलं, अंग सरळ आणि खांदा उभा.

लोटे_लेथ

ते खरं, टेकण्याच्या बाबतीत ४० अंश उत्तमच. पण त्याची किंमत बघा. प्रत्येक पुंगळी आधी एकदा उडवून चेंबरच्या आकाराची करून घ्यायची, म्हणजे १०० पुंगळ्यांसाठी १०० बार नळीतून नुसते आकार द्यायला. सरळ अंगाची पुंगळी मौझरच्या पेटीतून निमुळतीइतकी गुळगुळीत सरकत नाही, आणि तुमच्या त्या अ‍ॅक्शनची सगळी मजा तिच्या गुळगुळीतपणात आहे असं तुम्हीच फोनवर म्हणालात. पेटीची लांबीही बघा, मूळ काम ८ बाय ५७ साठी होतं, ३०-०६ ची लांबी तिथे जेमतेम बसते. मिळतं काय तर सेकंदाला शे-पाऊणशे फूट जास्त वेग, तोही ६० मीटरवर. शिवाय बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपन्या दाब मोजून जे तक्ते छापतात ते प्रमाण काडतुसांचे. इम्प्रूव्हडसाठी तुम्ही अंदाजानं जाणार. मी टूलरूमवाला, अंदाज हा शब्द मला सोसत नाही.

आणि पितळेचं एक राहिलं. गळा ३०८ वरून ३३८ किंवा ३५८ ला ताणला की तिथलं पितळ कडक होतं. तांबट घागर ठोकताना मधे मधे भट्टीत का तापवतो? नाही तापवलं तर चिरते. तसंच इथे गळा तापवून मऊ करावा लागतो, पण नुसता गळा. बूड गरम होता कामा नये, दाब तेच सोसतं, म्हणून पुंगळी अर्धी पाण्यात उभी करून वरचाच भाग तापवतात.

ह्याच्याशी आपल्या पावसाचा एक जुना संबंध आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवायचे, कोरडी जागा म्हणून. पाऊस सरला की बघतात तर पुंगळ्यांना उभ्या चिरा. सीझनमध्ये व्हायचं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंगच म्हणायला लागले. १९२१ मध्ये उलगडा झाला की पितळ ओढताना त्याच्यात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दोन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. उपाय तोच, हलकं तापवून ताण काढणं. आपल्या घरची समई कळकते ती वेगळी गोष्ट, ती चिंच लावून निघते. हे वरून चकचकीत दिसत असतं आणि आतून फाटलेलं असतं.

आंबेवाला_देवगड

हे पागेचं आजच कळलं. माझी काडतुसं गुरांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत आहेत, आत्ता जाऊन हलवतो.

निवृत्त_सुभेदार

आणखी एक विचारतो, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. तुमच्याबरोबर कॅम्पला कोण असतं आणि त्याच्याकडे कुठली रायफल आहे?

शास्त्रीखाडी

एक केरळी मित्र, कायम तोच. त्याच्याकडे ३०-०६.

निवृत्त_सुभेदार

मग थांबा. तुमच्या वाइल्डकॅटच्या पुंगळीच्या बुडावर काय लिहिलेलं असणार? ३०-०६. त्याच्या काडतुसाच्या बुडावर? ३०-०६. रात्री आठ वाजता, तंबूत, बोटं गारठलेली, एकाच प्लास्टिकच्या डब्याशेजारी दुसरा डबा. तुमचं काडतूस त्याच्या रायफलीत जाणार नाही, गोळी जाड आहे, बोल्ट बंदच होणार नाही. पण त्याचं तुमच्यात सहज जाईल, बोल्ट बंद होईल, बारही उडेल. ३०८ ची गोळी ३३८ च्या नळीतून खुळखुळत जाईल, आतल्या पिळदार आट्यांना धरणार नाही, पुंगळीचा गळा फाटेल. माणूस वाचलाच तर जनावर जखमी होऊन जाईल, ज्याच्यासाठी तुम्ही हा सगळा खटाटोप करताय.

फौजेत आम्हाला शिकवलं की चूक माणूस करणारच, तेव्हा चूक होऊच शकणार नाही अशी व्यवस्था करा.

शास्त्रीखाडी

सुभेदारसाहेब, हे वाचून मी ओटीवर थोडा वेळ गप्प बसून राहिलो. खरंच ह्याचा विचार मी केला नव्हता. निकेलचा मुलामा दिलेल्या चंदेरी पुंगळ्या वापरल्या तर? लांबून ओळखू येतील.

लोटे_लेथ

रंगानं ओळखायची कल्पना चांगली, पण निकेल ठिसूळ असतं. गळा ३० थाऊ ताणलात की मुलामा सुटणार आणि त्याचे कण डायला, म्हणजे पुंगळीला आकार द्यायच्या साच्याला, ओरखडे पाडणार. ताणायचंच नसेल अशा पुंगळीला निकेल ठीक.

कर्लीखाडी

म्हणून म्हणते ९.३. बुडावर स्वतःचं नाव, कुणाच्या काडतुसाशी गल्लत नाही. आणि दुसऱ्या देशात शिकारीला गेलात तर कस्टमवाला परवान्यावरचं नाव आणि बुडावरचं नाव ताडून बघतो, तिथे वाइल्डकॅटवाल्यांना किती समजावत बसावं लागतं ते मी विमानतळावर बघितलंय. हो, आणि गावी येताना बॅगेत रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका हां, आपल्या विमानतळावर सापडली तर सरळ पोलिसात केस होते.

शास्त्रीखाडी

नाही आणली ताई, म्हणून तर लोटेवाल्यांनी लाकडाच्या कातून घेतल्या. कालच त्या घेऊन ते स्वतः आमच्याकडे आले होते, संध्याकाळभर बसलो. बाबा झोपाळ्यावर, ८१ वर्षांचे, त्यांनी तिन्ही मांडीवर घेतल्या आणि विचारलं, ह्यातली कुठली तुला उद्या दुकानातून मिळेल आणि कुठली घरी करता येईल? मी म्हटलं पहिली दुकानात, दुसरी घरीच करावी लागते. आणि तिसरी? तर तिसरी दोन्हीकडे.

तिथेच उत्तर आलं बहुतेक. ३५ व्हेलन १९२२ चं, कर्नल टाउनसेंड व्हेलन ह्यांच्या नावाचं, साठेक वर्षं निव्वळ वाइल्डकॅट म्हणून जगलं आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी रेमिंग्टननं ते प्रमाण करून घेतलं. म्हणजे बुडावर ३५ व्हेलन असं छापलेल्या पुंगळ्या मिळतात, एकदम २०० घेऊन ठेवायच्या. त्या संपल्या आणि बाजारात नसल्या तर ३०-०६ ची पुंगळी ताणून घरी करता येतेच, पण ती मी फक्त रेंजवर वापरणार, कॅम्पला न्यायची नाही. ३३८-०६ सुद्धा पुढे १९९८ मध्ये ए-स्क्वेअर कंपनीनं प्रमाण केलं, पण त्याच्या नावाच्या पुंगळ्या मला तरी आमच्याकडे कुठल्या दुकानात दिसल्या नाहीत.

आंबेवाला_देवगड

पण खांदा निसटतो म्हणाले ना ते?

लोटे_लेथ

मुलगी निसटेल म्हणाली, मी सांभाळावं लागेल म्हणतो. १९२२ पासून माणसं वापरतायत, उतार कमी आहे पण चेंबर आणि पुंगळी एका मापाची असतील तर २६ थाऊ पुरतात. दोन गोष्टी पाळा. चेंबर गो गेजवर बोल्टला बोटाला जेमतेम कळेल इतका घट्ट ठेवायला सांगा. आणि पुंगळी पुन्हा भरताना डाय इतकी खाली घेऊ नका की खांदा मागे ढकलला जाईल, तुमच्या चेंबरमधून निघालेली पुंगळी मोजा आणि खांदा तिथून एक-दोन थाऊच मागे न्या. बहुतेकांची चूक डायमध्ये होते आणि दोष व्हेलनच्या खांद्याला देतात. घरी ताणलेल्या पुंगळीला मात्र दरवेळी मोजा, ताणताना लांबी थोडी घटते आणि खांदाही हलू शकतो.

निवृत्त_सुभेदार

पसंत आहे. पण पुंगळीवर नाव असलं तरी त्याचं ३०-०६ तुमच्या चेंबरमध्ये जाईलच, तो धोका गेलेला नाही, निम्मा झाला. नळीवर पूर्ण नाव कोरून घ्या, दुर्बिणीखाली नाही, डाव्या बाजूला जिथे बोल्ट उघडताना नजर जाते तिथे. आणि काडतुसं ज्याची त्यानं कमरेच्या पट्ट्यात, एकत्र डबा नाही.

कर्लीखाडी

मी अजून ९.३ वरच आहे, पण २५० ग्रेन २४०० फुटानं जात असेल तर माझ्या २८६ पेक्षा फार मागे नाही आणि खांद्याला धक्का थोडा कमी बसेल, हे कबूल करते. नळीतल्या आट्यांचा पेच किती घेताय? रेमिंग्टनच्या रायफलींना १६ इंचाला एक फेरा असायचा. लांब तांब्याच्या गोळ्या वापरायच्या असतील तर तो कमी पडेल.

शास्त्रीखाडी

१२ इंचाला एक घेतोय. नळी ५६ सेंटीमीटर, झाडीतून जाताना अडकू नये म्हणून. वजन दुर्बिणीसकट ३.८ किलोच्या आसपास धरलंय, त्याहून हलकी केली तर सरावाला २० बारसुद्धा नीट काढता येणार नाहीत. गोळी २५० ग्रेनची, मधे भिंत असलेली किंवा शिसं वेष्टनाला डाखलेली. आमच्या गनस्मिथला आजच मेल टाकला, इम्प्रूव्हडचा रीमर रद्द करून साध्या व्हेलनचा मागवायला सांगितलं, आणि नळीवर नाव डाव्या बाजूला, ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरात.

केरळी मित्राला फोन केला होता. तो म्हणाला, मग मी पण माझ्या पट्ट्याला लाल चिंधी बांधतो.

लाकडी तिन्ही बाबांनी देवघराच्या फळीवर ठेवल्यात, तिसरी सगळ्यात पुढे. लोटेवाले, त्या परत हव्यात का? नसतील तर व्हेलनची एक मी घेऊन जाईन, लाकूड आहे, विमानात काही म्हणणार नाहीत बहुधा.

लोटे_लेथ

ठेवा. पण विमानात नको दादा, स्कॅनरवर आकार बघतील आणि लाकूड आहे हे सांगत बसावं लागेल. तुम्ही नुसता पत्ता द्या, ड्रॉइंग मेल करतो, तिकडे कुणाकडून तरी कातून घ्या. आणि नळी आली की गेजचा फोटो टाका इथे.

शास्त्रीखाडी

टाकतो. दसऱ्यानंतर येईल म्हणालाय.